उजवीकडचं फूल

"प्रसाद लाव," शाबी म्हणाला. "आत्ताच."

मी देवळाची फरशी पुसत होतो. वर पाहिलं तर शाबी पायरीखाली उभा, गुडघ्यापर्यंत ओला, डोक्याचं फडकं हातात पिळत. त्याच्यामागे माडाच्या सावलीत आगुस्तीन कारकून छत्री टेकून उभा होता. आगुस्तीन बंदरावरच्या कचेरीत लिहिण्याच्या कामाला. एरवी तो आमच्या देवळाकडे वर्षातून एकदाच यायचा, आजीने बोललेलं तेल घालायला, आणि तेही पाद्रीला कळू न देता. त्या दिवशी तेलाचं भांडं नव्हतं.

"तुला सोयर आहे रे," मी म्हणालो.

"आहे तर आहे. मी कुठे आत येतोय? तू लाव, मी इथून विचारतो."

शाबी माझा लहानपणापासूनचा सोबती, आणि माझी धाकटी बहीण मथू त्याला दिलेली. मथू बाळंत होऊन नववा दिवस होता. आधीची दोन गेली होती, ही तिसरी, मुलगी. घरात जन्म झाला की बापाने दहा दिवस देवळाची पायरी चढायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मामाला तसं काही नसतं, म्हणून मी आत आणि तो बाहेर.

आमच्या दांड्यावर, किनाऱ्यालगतच्या या वाडीत, भट नाही. आम्ही खारवी, देव आमचा, पूजाही आमच्याच घराकडे. कुणाला काही ठरवायचं असलं की पिटकोळीची दोन लाल फुलं पाण्यात बुडवून मी देवाच्या पाषाणावर लावायचो, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नको. सोयरीक, नवी होडी, भावाभावांतला बांध, सगळं त्या दोन फुलांवर ठरायचं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि अख्खी वाडी माझ्या पाठीकडे बघत श्वास धरून बसायची, याचा मला थोडा माजही होता. आता कबूल करायला काय जातं?

"काय विचारायचंय?"

शाबीने आगुस्तीनकडे पाहिलं. आगुस्तीनने इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली.

"दुपारी एल्सावर पाणी घेऊन जायचंय," शाबी म्हणाला. "पिंपांच्या जागी शिपाई घालून. जाऊ की नको?"

एल्सा म्हणजे जर्मन जहाज. चौदा साली लढाई सुरू झाली तेव्हा दर्यात जी जर्मन जहाजं होती, त्यांतली काही मुरगावच्या बंदरात येऊन टेकली. बाहेर इंग्रजांच्या तोफा, आत आमचं पोर्तुगीजांचं राज्य, आणि ते ना अध्यात ना मध्यात. आत आहात तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं. तेव्हापासून दीड वर्ष ती जहाजं तिथेच होती. भरतीला जमिनीकडे तोंड करायची, ओहोटीला दर्याकडे. त्यांच्या पोटाला हात हात शेवाळ आलं होतं. सकाळच्या धुक्यात आमच्या दांड्यावरून पाहिलं तर ती पाण्यावर आहेत की आभाळात, ते कळायचं नाही. आमची पोरं त्यांच्याकडे बोट दाखवायची बंद झाली होती. डोंगराकडे कोण बोट दाखवतं?

माणसं मात्र जिवंत होती, आणि त्यांना पाणी लागायचं. एल्साचं पाणी न्यायचं काम शाबीच्या पडावाकडे, म्हणजे त्याच्या रुंद होडीकडे. रोज दुपारी तो सात पिंपं भरून घेऊन जायचा. वरून शिडी यायची, दोर यायचा, आणि कठड्यावरून मेस्ताचं तोंड दिसायचं.

मेस्त म्हणजे जहाजावरचा सुतार. त्याचं खरं नाव आमच्या जिभेवर बसत नव्हतं. आमच्याकडे सुताराला मेस्तच म्हणतात, म्हणून तोही मेस्त. साठीचा असावा, भुवयासुद्धा पांढऱ्या. त्याला आमची भाषा येत नव्हती, फक्त एक शब्द यायचा. पिंप वर चढताना शाबी ओरडायचा, "सावकाश". तो त्याने उचलला. भेटला की सावकाश, निघताना सावकाश, आणि एकदा म्हणे शाबीने दिलेली हिरवी मिरची चावल्यावरही तो तेच म्हणाला. शाबीने त्याला घेवड्याच्या बियाही नेऊन दिल्या होत्या. त्याने खोक्यांत माती भरून त्या लावल्या, आणि त्या साली जहाजाच्या दोरखंडांवर घेवड्याचे वेल चढलेले मी स्वतः पाहिलेत. शेंगा आमच्याकडे यायच्या. मीही खाल्ल्यात.

मथूला दिवस राहिले तेव्हा शाबीने मेस्ताला खुणांनी सांगितलं, की दोन गेली, हे तिसरं. मेस्ताने म्हणे हाताने झुलवायची खूण केली. दुसऱ्या दिवसापासून तो पाळणा करायला बसला. सागवानी, एकही खिळा नसलेला. शाबी रोज येऊन त्याची बातमी सांगायचा. आज कठडे झाले, आज नुसतं घासतोय. त्यांच्याकडे पाळणा जमिनीवर डुलतो, म्हणून मेस्ताने त्याला खाली वाकडे पाय लावले. शाबीने सांगितलं, आमचा टांगतात. तर त्याने वर कड्याही बसवल्या आणि पाय तसेच ठेवले. "कोण जाणे, पोर कुठल्या देशात जाईल," असं काहीसं म्हणाला असावा, असं शाबीचं म्हणणं. शाबीला जर्मन किती कळत होतं, ते देवाला ठाऊक.

आदल्या दिवशी मेस्ताने खुणेने सांगितलं होतं: उद्या ने.

"त्यांच्यावर शिपाई कशाला?" मी आगुस्तीनला विचारलं.

"लिस्बोआहून तार आलीय. इंग्रजांकडे जहाजं कमी पडताहेत. त्यांनी आपल्या सरकारला सांगितलं, तुमच्या बंदरांत जर्मनांची पडून आहेत ती घ्या. जुनी दोस्ती आहे, नाही कसं म्हणणार? सगळीकडची घ्यायचीत, इथलीसुद्धा."

"मग घ्या की. सरकार आहात."

"सरकारी लाँच येताना दिसली की ते यंत्रं फोडतील. मग ती लोखंडं घेऊन काय करायचं?" आगुस्तीन छत्रीच्या टोकाने वाळूत रेघ ओढत होता. "पाण्याचा पडाव गेला तर ते शिडी स्वतः सोडतात."

"ते पडावाला सोडत नाहीत," शाबी म्हणाला. "मला सोडतात."

"तेच म्हणतोय मी."

"आणि तो नाही म्हणाला तर?" मी विचारलं.

आगुस्तीन माझ्याकडे न बघता बोलला. तोही याच वाडीतला, शाबीबरोबर खेकडे पकडत मोठा झालेला. "पडाव जाईल, आणि शाबीलाही नेतील. लढाईचा मामला आहे पुरसो, किती दिवस ते मी कसं सांगू? मी साहेबाला म्हटलं, हे लोक देवाला विचारल्याशिवाय होडी लोटत नाहीत. तो हसला, पण बारापर्यंत थांबतो म्हणाला. त्याच्यापाशी यापेक्षा जास्त मागता येत नव्हतं."

शाबी म्हणाला, "दीड वर्ष त्यांच्या हातचं खातोय मी. लाव रे तू."

मी हात धुतले, फुलं भिजवली आणि लावली. शाबीने पायरीखालून गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज इतका हळू होता की तो देवाशी बोलतोय की स्वतःशी, ते मला कळेना.

मग आम्ही वाट बघत बसलो.

तसा प्रसाद मी पुन्हा कधी पाहिला नाही. एरवी घटकाभरात काहीतरी पडतं. त्या दिवशी पडेना. गाभाऱ्यात समई, बाहेर फाल्गुनाआधीचं कोवळं ऊन, आणि लाटेचा आवाज इतका दूर की झोपेत ऐकावा तसा. दारातून आलेला उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत माझ्या पायापाशी आला, पायावर चढला, पुढे गेला. फुलं तशीच. फुलांवरचं पाणी सुकत चाललं होतं. सुकल्यावर ती कधीकधी पाषाणाला चिकटून बसतात आणि दिवसभर हलत नाहीत. मला मध्येच डुलकी लागली असावी, कारण एल्सा आमच्या देवळाच्या अंगणात उभी आहे आणि तिच्यावर घेवडा फुललाय असं मी स्पष्ट पाहिलं. जागा झालो तेव्हा आगुस्तीन घड्याळ बघत होता.

"पुरसो," तो म्हणाला. "साडेअकरा."

शाबी हातातलं फडकं पिळत राहिला.

देव बोलत नव्हता. त्याला या भांडणात पडायचं नव्हतं, आणि मला त्याचा राग आला. मला मथू दिसत होती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीपाशी बसलेली, पोरीला अंगाशी धरून. दोन वेळा मी तिला रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं होतं. आता नवरा तुरुंगात, पडाव नाही, आणि मी कुठल्या तोंडाने तिच्यासमोर उभा राहणार होतो? मेस्त चांगला माणूस होता. पण मेस्त माझी बहीण नव्हता.

मी समईची वात सारायला म्हणून उजवा हात पुढे केला. समई पाषाणाच्या उजव्या अंगालाच असते. करंगळीचं नख फुलाला नुसतं टेकवलं. इतकं हलकं की पडलं नसतं तर मी म्हणालो असतो, मी काही केलंच नाही.

ते पडलं.

"उजवं," मी म्हणालो.

 मग शाबीने फडकं डोक्याला बांधलं आणि तो किनाऱ्याकडे चालू लागला. मी देवळाचं दार ओढून त्याच्या मागे गेलो. त्याला एकट्याला जाऊ द्यायचं, हे माझ्याच्याने होईना.

पडावात चार पिंपं ठेवली होती, दिसायला. बाकीच्या जागेत सात शिपाई आडवे झाले आणि त्यांच्यावर शिडाचं जुनं कापड ओढलं. शाबी सुकाणूवर, मी आणि दोन गडी वल्ह्यांवर. आगुस्तीन किनाऱ्यावर राहिला. आम्ही निघताना त्याने छातीवर क्रूस केला, आणि मग देवळाकडे बघून हातही जोडले.

दुपारची वेळ, वारा पडलेला. पाणी आणि आभाळ एकाच पांढऱ्या रंगाचं, आणि मध्ये एल्सा. ती जवळ येतेय असं वाटतच नव्हतं, वल्ही मारत राहिलं तरी आम्ही तिथेच आहोत असं वाटायचं. कापडाखाली कुणीतरी शिपाई हळू आवाजात जपमाळ म्हणत होता. मला एकदा वाटलं, हे असंच चालू राहील, आम्ही कधी पोचणारच नाही, आणि ते फार बरं होईल.

पोचलो. शेवाळाचा वास आला. वरून मेस्ताचं तोंड दिसलं.

"सावकाश," तो म्हणाला आणि हसला.

शाबीने हात वर केला. त्याचं तोंड मी मुद्दामच पाहिलं नाही.

शिडी सुटली. पण मेस्ताने हाताने थांबा म्हणून खूण केली, आधी हे. तो आत वळला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात दोर होता. कठड्यावरून पाळणा खाली येऊ लागला. उन्हात ते लाकूड मधासारखं दिसत होतं. वर चार कड्या, खाली ते दोन वाकडे पाय. तो गोल फिरत, हातहातभर, खाली येत होता. मेस्त वाकून, एका हाताने दोर सोडत आणि दुसऱ्याने सावरत, त्याला जहाजाच्या अंगाला घासू देत नव्हता.

पडावात मोकळी जागा एकच होती, ते कापड.

पाळणा कापडाच्या वर दोन हातांवर आला तेव्हा कापड हललं. खाली कुणाच्या तरी अंगावर त्याची सावली पडली असेल, किंवा नुसता पाय अवघडला असेल. एक गुडघा वर आला आणि खाली गेला. बुटाचं टोक बाहेर राहिलं.

मेस्ताने ते पाहिलं. मी त्याला पाहताना पाहिलं. त्याने बुटाकडे पाहिलं, मग शाबीकडे. त्याचे हात थांबले, पाळणा हवेत थांबला. एक हाक मारली असती तर अख्खं जहाज गोळा झालं असतं. दोर सोडून दिला असता तर पाळणा आणि खालच्या माणसाचं डोकं, दोन्ही फुटलं असतं.

शाबी त्याच्याकडे बघत होता. त्याने मान खाली घातली नाही, हे मी त्याच्या बाजूने सांगेन.

मेस्ताचे हात पुन्हा हलू लागले. तसेच, हातहातभर. पाळणा कापडावर टेकला, जराही आवाज न करता. मग त्याने दोराचं टोक खाली टाकलं, तोंड फिरवलं आणि धावत गेला. वर घंटा वाजायला लागली.

पुढचं पटापट झालं. शिपाई उठले, शिडीवरून गेले, मागून सरकारी लाँच भोंगा वाजवत आली. गोळी एकही सुटली नाही. पण जहाजाच्या पोटातून घणाचे आवाज येत होते, ठण ठण ठण, आणि शिपायांनी खालचा दरवाजा फोडेपर्यंत ते येतच राहिले. यंत्रं फुटली ती फुटलीच. ज्याच्यासाठी एवढं केलं ते काही साहेबाच्या हाती लागलं नाही. एल्सा पुढे कित्येक महिने तिथेच डुलत होती.

संध्याकाळच्या आत जर्मनांना लाँचमध्ये बसवून नेलं. आम्ही अजून तिथेच होतो, आम्हाला जायला कुणी सांगितलं नव्हतं. मेस्त उतरताना आमच्या पडावाच्या अगदी जवळून गेला. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. घेवड्याच्या वेलाकडे मात्र एकदा वळून पाहिलं.

बारशाला मथूने पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या आणि पोरीला त्यात घातलं. केसर नाव ठेवलं. "मेस्ताला काय दिलंत हो याच्या बदल्यात?" तिने नवऱ्याला विचारलं. शाबी म्हणाला, "पाणी." आणि उठून बाहेर गेला.

पुढच्या महिन्यात आगुस्तीन बातमी घेऊन आला. जहाजं घेतली म्हणून जर्मनीने पोर्तुगालशी लढाई पुकारली. "आजपासून आपणही लढाईत," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याने टोपी का काढली, ते त्यालाच माहीत. वाडीत कुणाला काही वाटलं नाही. जाळी ओढायची ती ओढलीच. शाबीने मात्र पाण्याचं काम सोडलं. पडाव विकला आणि दुसऱ्याच्या होडीवर मासेमारीला जाऊ लागला. आणि मी त्या वर्षी प्रसाद लावायचं काम चुलतभावाच्या हवाली केलं. हात थरथरतो असं कारण सांगितलं.

पन्नास वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. शाबीशी रोज बोलायचो, भांडायचो, पत्ते खेळायचो, पण हे नाही. त्या पाळण्यात केसर वाढली, तिची पोरं वाढली. आढ्याला टांगलेला, आणि ते वाकडे पाय हवेत, जमिनीला कधी न टेकलेले.

मग शाबी आजारी पडला. केसरच्या मुलीला नुकताच मुलगा झाला होता, आणि पाळणा शाबीच्या खाटेशेजारीच टांगला होता, म्हाताऱ्याला करमणूक म्हणून. दुपारची वेळ होती. आम्ही दोघंच होतो, आणि पाळण्यात ते झोपलेलं पोर.

"शाबी," मी म्हणालो, "ते फूल मी पाडलं."

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

तो छताकडे बघत राहिला. "हो," म्हणाला. "वात सारल्यासारखं केलंस. कोपर हलला, समईचा उजेड हलला नाही."

मी खाटेच्या जवळ सरकलो. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पुरसो, मला सोयर होतं."

"हो, म्हणून तर तू बाहेर..."

"सोयरातल्या माणसाचं गाऱ्हाणं देव ऐकतो का? तूच सांग, तू पुजारी. बाहेरून विचारलं काय आणि आतून विचारलं काय. हे दांड्यावरच्या पोरालाही माहीत आहे. ती फुलं अख्खा दिवस पडली नसती."

मला हे माहीत होतं. त्या सकाळीही माहीत होतं. मामाला सोयर नसतं, असं म्हणून मी ते स्वतःपुरतं उडवून लावलं होतं. प्रश्न मामाचा नव्हताच, विचारणाऱ्या बापाचा होता.

"मग कशाला आलास?"

"तुला विचारायला." शाबीने हात लांब करून पाळण्याची दोरी चाचपली. "मी जाणार होतोच रे. रात्रीच ठरवलं होतं. मला मथूला सोडून तुरुंगात जायचं नव्हतं. पण मी ठरवलं असं मला म्हणायचं नव्हतं. कुणीतरी सांगायला हवं होतं. देव सांगणार नव्हता. तू सांगशील हे मला पक्कं ठाऊक होतं. मथू तुझी बहीण."

मी पाळण्यावरची माशी हाकलली. 

"तू उजवं म्हणालास, तेव्हा मला बरं वाटलं," तो म्हणाला. "इतकं बरं वाटलं की पायात बळ आलं. त्याची मला अजून लाज वाटते. त्या म्हाताऱ्याने बूट पाहिला, आणि तरी दोर सोडला नाही. त्याला कुणी सांगितलं होतं?"

पोर कुरकुरलं. शाबीच्या हातात आता जोर नव्हता, दोरी बोटांतून निसटली. मी उठलो आणि ती हातात घेतली. पहिला झोका जरा जोरातच गेला.

"सावकाश," शाबी म्हणाला.